पाप हें कोणाचें देणें?

(नभोवाणीवरून केलेलें भाषण)

मी ज्या गांवचा रहिवासी आहें त्या गांवचें नांवच मोठें बोलकें आहे. धर्माबाद! यांतला 'धर्म' संस्कृत आणि 'आबाद' फारशी. गोदावरीच्या खोऱ्यांतील हें लहानसें बाजाराचें गांव तांबड्या मिरचीच्या व्यापारासाठीं दूरवर ठाऊक आहे. आणि मराठी, तेलुगु व उर्दू या तिन्ही भाषा येथें एकाच रस्त्यावर कानीं पडतात. अशा गांवांत ज्याचें सारें आयुष्य मुलें शिकविण्यांत गेलें, त्या माझ्यासारख्या मॅट्रिकपर्यंत शिकलेल्या मास्तरानें पापपुण्याची मीमांसा करावयास उभें राहावें, हें धारिष्ट्यच म्हटलें पाहिजे. परंतु हा विषय मीं पुस्तकांतून उचललेला नाहीं. एका विद्यार्थ्यानें मला विचारलेला तो प्रश्न आहे.

वर्गांत आगरकरांचा धडा चालू होता. आगरकर देव मानीत नसत, असें मीं सांगितलें, तेव्हां मागच्या बाकावरील एका मुलानें हात वर केला आणि विचारलें, "गुरुजी, देवच नसेल तर मग पाप कशाला म्हणायचें? आणि पवित्र तरी काय उरलें?" तेवढ्यांत तास संपल्याची घंटा झाली आणि माझी सुटका झाली. त्या घंटेचा आधार मीं पुष्कळ वर्षें घेतला. आज निवृत्तीनंतर त्या मुलाला इतिहासाच्या आधारें उत्तर देण्याचा प्रयत्न करणार आहें.

प्रथम 'पवित्र' या शब्दाकडेच पाहूं. धर्मकृत्याच्या वेळीं बोटांत दर्भाचें जें वळें घालतात त्यालाच 'पवित्र' असें म्हणतात. तें बोटांत आहे तोंपर्यंत माणूस नेहमींच्या व्यवहारापासून वेगळा झालेला असतो. आपल्या घरांतील सोवळ्याच्या मुळाशीं हीच कल्पना आहे. सोवळें म्हणजे ज्याला कोणी शिवलेलें नाहीं तें. ज्यू लोकांच्या हिब्रू भाषेंतही पवित्र या अर्थाच्या शब्दाचा मूळ भाव 'वेगळें काढून ठेवलेलें' असाच सांगतात. म्हणजे पावित्र्याची ही जुनी कल्पना अलगपणाची आहे. या कल्पनेंत एक मोठी उणीव राहते. शिवाशिवीचा दोष आणि दुसऱ्याला दुखविल्याचा दोष हे दोन्ही एकाच वहींत मांडले जातात, आणि पुष्कळदां पहिलाच मोठा ठरतो. विटाळ झाला तर स्नान. आणि शेजाऱ्याचें शेत लाटलें तर? त्यालाही शेवटीं स्नानच!

ही वही तपासून पाहणारे थोर पुरुष आमच्या मराठवाड्यांत होऊन गेले. पैठणचे एकनाथ हे त्यांपैकीं एक. नाथांचा काळ सामान्यतः १५३३ ते १५९९ असा धरतात. नाथ कांहीं नास्तिक नव्हते. नित्य स्नानसंध्या करणारे, १५८४ सालीं ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध करणारे ते विद्वान् गृहस्थ होते. अठराव्या शतकांतील संतचरित्रकार महीपति यांनीं सांगितलेली त्यांची कथा आपण सर्वांनीं लहानपणीं ऐकलेली आहे. रामेश्वराला वाहण्यासाठीं गंगेची कावड चालली होती. वाटेंत तहानेनें तडफडणारें गाढव दिसलें. नाथांनीं तें पाणी गाढवाच्या तोंडांत ओतलें. श्राद्धाचें अन्न त्यांनीं अस्पृश्य मानलेल्या भुकेल्या माणसांना वाढलें, अशीही कथा आहे. या कथा जशाच्या तशा घडल्या कीं नाहीं, हा वाद इतिहासकारांनीं खुशाल घालावा. परंतु शेंकडों वर्षें त्या घरोघर सांगितल्या गेल्या, आणि त्या सांगतांना लोकांनीं नाथांना भ्रष्ट न म्हणतां संत म्हटलें, हा मात्र इतिहासच आहे.

नाथांच्या हिशेबांत गंगाजल पवित्रच राहतें. पण त्याचें पावित्र्य जपून ठेवण्यांत नसून योग्य जागीं खर्ची घालण्यांत आहे. येथें 'सोवळें' हा शब्द आंतून पालटला. तरीही नाथांनीं देवाला बाजूला सारलें नव्हतें. त्यांनीं गाढवाच्या ठिकाणींच रामेश्वर पाहिला. तेव्हां मागच्या बाकावरील माझा विद्यार्थी पुन्हा हात वर करील आणि म्हणेल, "गुरुजी, देव काढून घेतला तर त्या गाढवाला पाणी कोण पाजील?"

या प्रश्नासाठीं आपल्याला पैठणहून पुण्यास आणि सोळाव्या शतकांतून एकोणिसाव्या शतकांत गेलें पाहिजे.

गोपाळ गणेश आगरकर यांचा जन्म १८५६ सालीं कऱ्हाडजवळील टेंभू या गांवीं झाला. घरीं अत्यंत गरिबी. शिक्षण हालअपेष्टांत झालें. तरी पदवी मिळतांच सरकारी नोकरीची वाट सोडून चिपळूणकर व टिळक यांच्या बरोबर ते न्यू इंग्लिश स्कूलच्या कार्यांत पडले. मोठ्या पगाराच्या पाठीमागें न लागतां पोटापुरत्या पैशांवर संतोष मानून परहितांत आयुष्य घालविणार, असें त्यांनीं आईला पत्रानें कळविलें होतें. १८८२ सालीं कोल्हापूर प्रकरणांत टिळकांबरोबर त्यांनीं डोंगरीच्या तुरुंगांत १०१ दिवस काढले. १८८७ पर्यंत ते 'केसरी'चे संपादक होते. १८८८ सालीं त्यांनीं 'सुधारक' काढला. मिल्ल आणि स्पेन्सर यांच्या ग्रंथांचा त्यांच्यावर खोल परिणाम झाला होता. आचार चांगला कीं वाईट हें शास्त्रवचनावरून न ठरवितां, त्यानें माणसाचें सुख वाढतें कीं दुःख, यावरून ठरवावें, हें त्यांच्या विचाराचें सार होतें.

आतां या दोन हिशेबांची गांठ कोठें पडली तें पाहा. १८९० सालीं कलकत्त्याच्या हायकोर्टांत एक खटला चालला. फुलमणि दासी नांवाची दहा-अकरा वर्षांची मुलगी पतीच्या सहवासानें मृत्यु पावली होती. तिचें वय दहाच्या वर असल्यामुळें त्या वेळच्या कायद्याप्रमाणें पतीवर बलात्काराचें कलम लागू झालें नाहीं. पुढें संमतिवयाची मर्यादा दहावरून बारा वर्षांवर नेणारें बिल आलें आणि देशभर वादळ उठलें. लोकमान्यांचा विरोध मुख्यतः परकी सरकारनें आमच्या समाजांत कायद्यानें हात घालूं नये या तत्त्वावर होता, हें न्यायबुद्धीनें सांगितलें पाहिजे. परंतु सनातनी पंडितांचा आक्षेप निराळा होता. मुलीला ऋतु प्राप्त होतांच गर्भाधानसंस्कार झाला पाहिजे, तो टळला तर पाप लागतें, असें त्यांचें म्हणणें. आगरकर बिलाच्या बाजूनें उभे राहिले. १८९१ सालीं कायदा झाला.

श्रोतेहो, या ठिकाणीं क्षणभर थांबा. कृत्य एकच. एका वहींत तें करणें पुण्य आणि टाळणें पाप. दुसऱ्या वहींत त्याच कृत्याखालीं एका मुलीचा मृत्यु लिहिलेला. पंडित दुष्ट होते असें मी म्हणत नाहीं. त्यांतले कित्येक आपल्या नातींवर जीव टाकणारे प्रेमळ आजोबा असतील. पण ते पापाचें देणें शास्त्राकडे मोजीत होते, आणि त्यामुळें मुलगी त्यांच्या वहींत कोठें मांडलीच गेली नव्हती. आगरकरांनीं तिला वहींत घेतलें. बालविधवांच्या केशवपनाबद्दल ते लिहूं लागले तेव्हांही त्यांनीं हेंच केलें. ज्याला लोक पावित्र्याचें रक्षण म्हणत होते, त्याची किंमत कोण भरतो, एवढाच प्रश्न त्यांनीं विचारला.

याचें बक्षीस काय मिळालें? पुण्यांत त्यांची जिवंतपणींच प्रेतयात्रा काढण्यांत आली. १८९२ पासून ते फर्ग्युसन कॉलेजचे प्रिन्सिपॉल होते; दम्यानें शरीर पोखरलें होतें; १७ जून १८९५ रोजीं, चाळिशीही गांठली नसतां, ते वारले. आपल्या उत्तरक्रियेचा खर्च दुसऱ्यावर पडूं नये म्हणून त्यांनीं पैशांची पुडी बांधून ठेवली होती, असें सांगतात. परलोक न मानणाऱ्या माणसानें इहलोकांतलें शेवटचें देणें असें चुकविलें. ज्या अर्थानें आपण सोवळें हा शब्द वापरतों त्या अर्थानें त्यांच्याजवळ कांहीं सोवळें नव्हतें. परंतु कांहीं गोष्टी अशा होत्या, कीं त्या पैशासाठीं, कीर्तीसाठीं, अथवा मित्राच्या प्रेमासाठींही त्यांनीं विकल्या नाहींत. ज्याचा सौदा होत नाहीं तें पवित्र, अशी व्याख्या केली तर आगरकरांच्या घरीं पावित्र्याची वाण नव्हती.

येथें मला माझी स्वतःची एक गोष्ट सांगितली पाहिजे. ती सांगावयास मला आनंद वाटत नाहीं.

पुष्कळ वर्षांपूर्वीं वर्गाच्या सहलीसाठीं जमविलेली वर्गणी नाहींशी झाली. माझा संशय एका मुलावर गेला. कां, तर तो वर्गांत सर्वांत गरीब होता म्हणून. मीं त्याला सर्वांदेखत छड्या मारल्या आणि चोर म्हटलें. आठ दिवसांनीं ती पुरचुंडी मला माझ्याच जुन्या हजेरीपटांच्या बासनांत सांपडली. मींच ती ठेवून विसरलों होतों. तोंपर्यंत मुलानें शाळा सोडली होती. मीं काय केलें? धर्माबादहून बासर जवळच आहे. आगगाडीनें तेथें गेलों, गोदावरींत स्नान केलें, सरस्वतीला अभिषेक केला. आजूबाजूला आईबाप आपल्या लहान मुलांचा हात धरून त्यांच्याकडून पहिलें अक्षर गिरवून घेत होते. परत येतांना माझें मन हलकें झालें होतें. त्या मुलाच्या घरीं मात्र मी गेलों नाहीं.

मी श्रद्धावान् माणूस आहें, आजही आहें. म्हणून पुढें मला प्रश्न पडला कीं, माझ्या धर्मानें मला खरोखर हीच सूट दिली होती काय? थोडें वाचलें, जाणत्यांना विचारलें, तेव्हां जें कळलें त्यानें माझी मान खालीं गेली. मनुस्मृतींत चोरीचें प्रायश्चित्त सांगतांना, चोरलेली वस्तु धन्याला परत करून मग प्रायश्चित्त घ्यावें, असा अर्थ स्पष्ट आहे. ज्यू लोकांच्या मिश्ना या धर्मग्रंथांत सांगितलें आहे कीं, माणसानें देवाविरुद्ध केलेल्या अपराधांचें क्षालन प्रायश्चित्ताच्या महादिवशीं होतें. पण शेजाऱ्याचा अपराध केला असेल तर त्या शेजाऱ्याची समजूत घातल्याखेरीज तो दिवस उपयोगीं पडत नाहीं. इस्लामी विद्वान् ईश्वराचे हक्क आणि बंद्यांचे हक्क असे दोन भाग करतात. दुसऱ्या भागाला आमच्याकडे उर्दू जाणणारे लोक 'हुकूक-उल-इबाद' म्हणतात. तो हक्क ज्याचा बुडाला त्याला तो भरून द्यावा अथवा त्याच्याकडूनच माफ करून घ्यावा, अशी शिकवण आहे.

म्हणजे पाहा, आगरकरांनीं देवाचें नांव न घेतां जी वही उघडली, तीच वही तिन्ही धर्मांच्या शास्त्रकारांनींही स्वतंत्रपणें उघडून ठेवली होती. माणसाचें देणें देवाला देऊन फिटत नाहीं, हें त्यांनाही मान्य होतें. मग चूक कोठें होते? आपण शास्त्रांतलें दुसरें पान तेवढें वाचतों, पहिलें गाळतों. कारण नदी कांहीं विचारीत नाहीं. माणूस मात्र डोळ्याला डोळा देऊन पाहतो.

यावर कोणी म्हणेल, मग धर्मच टाकून द्या, म्हणजे आडपडदा उरणार नाहीं. इतिहास या म्हणण्याला पाठिंबा देत नाहीं. देव नाकारणाऱ्या सोव्हिएट रशियांत १९३७ व १९३८ या दोन वर्षांतच सहा लक्ष ऐंशीं हजारांच्या सुमारास माणसांना राज्यकर्त्यांनीं देहान्त शासन दिलें, असें त्यांच्याच दप्तरांवरून नंतर उघड झालें. तेथें शास्त्राच्या जागीं 'क्रांति' हा शब्द आला होता. माणूस वहींतून पुन्हा पुसला गेला.

परंतु रशियापर्यंत जाण्याचें कारण काय? आमच्या स्वतःच्या अंगणांत १९४६ ते १९४८ या काळांत जें घडलें तें पुरेसें आहे. निजामाच्या राज्यांत रझाकारांची संघटना माजली होती. तिचा पुढारी कासीम रझवी हा लातूरचा वकील. १९४६ सालीं बिलोली तालुक्यांतील अर्जापूर येथें गोविंदराव पानसरे यांची हत्या झाली. गांवें जळलीं, माणसें परागंदा झालीं. हें सारें धर्मरक्षणाच्या नांवानें. याच रझाकारांनीं ऑगस्ट १९४८ मध्यें हैदराबादेंत 'इमरोज' या उर्दू पत्राचे संपादक शोएबुल्ला खान यांना ठार मारलें. ते मुसलमान होते, परंतु संस्थानानें भारतांत सामील व्हावें असें लिहीत होते.

१७ सप्टेंबर १९४८ रोजीं निजामी सत्ता शरण आली. तो दिवस आम्ही मुक्तिदिन म्हणून पाळतों आणि पाळावाच. पण त्यानंतरच्या कांहीं आठवड्यांचा इतिहास आमच्या भाषणांत येत नाहीं. भारत सरकारनें पंडित सुंदरलाल यांच्या नेतृत्वाखालीं एक मंडळ पाठविलें. त्यानें १९४८ च्या अखेरीस संस्थानांत दौरा केला. उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर आणि नांदेड हे चार जिल्हे सर्वांत अधिक पोळले असें त्यानें लिहिलें. आणि साऱ्या संस्थानांत मारले गेलेल्यांची संख्या सत्तावीस ते चाळीस हजार असावी असा अंदाज दिला. मेलेल्यांत बहुसंख्य मुसलमान, आणि त्यांतले असंख्य लोक रझाकारांशीं कांहीं संबंध नसलेले. तो अहवाल अनेक दशकें प्रसिद्ध झाला नाहीं. नांदेड जिल्ह्याचा रहिवासी म्हणून, मला हें वाचतांना परक्याचा इतिहास वाचतों आहें असें म्हणतां आलें नाहीं.

त्याच अहवालांत मात्र आणखीही एक नोंद आहे, आणि तिच्यासाठींच मीं हा विषय येथवर आणला. कित्येक ठिकाणीं हिंदूंनीं आपल्या मुसलमान शेजाऱ्यांना जीव धोक्यांत घालून वांचविलें. हा जिव्हाळा एकच धंदा करणाऱ्यांत विशेष दिसून आला. हिंदू विणकरांनीं मुसलमान विणकरांचें हिंदू जमावापासून रक्षण केलें आणि त्यासाठीं कांहींनीं प्राणही दिले.

त्या विणकरांच्या मनांत काय होतें? ते आगरकर वाचून आलेले नव्हते. बहुधा ते देवभोळेच असतील. अंगणांत तुळस आणि कोनाड्यांत देव असलेले. जमावांतले लोकही तसेच देवभोळे. मग फरक कोठें होता? फरक एवढाच, कीं एकानें समोरच्या माणसाला 'त्यांच्यांतला' म्हणून पाहिलें. दुसऱ्यानें 'शेजारच्या मागावर बसणारा' म्हणून पाहिलें. त्याचा धोटा कसा चालतो, सूत कसें तुटतें, सावकार दारांत केव्हां येतो, हें त्याला ठाऊक होतें. जो माणूस इतका ठाऊक आहे तो वहींतून पुसतां येत नाहीं.

तेव्हां मागच्या बाकावरील माझ्या विद्यार्थ्याला माझें उत्तर असें आहे. बाळ, देव असो वा नसो, पाप म्हणजे ज्याला दुखविलें त्याचें देणें. देव मानणारा म्हणतो कीं, त्या माणसाखेरीज आणखी एका धन्याचेंही मी देणें लागतों. न मानणारा म्हणतो कीं, धनी एकच. पहिल्या धन्यापाशीं दोघांनाही जावेंच लागतें. दोघांत खरा फरक पुढें पडतो. समोरचा माणूस मेला, परागंदा झाला, देणें फेडण्याची वाटच खुंटली, तर श्रद्धावानाला निदान कोठें तरी डोकें टेकून रडतां येतें. आगरकरांसारख्याला तें ओझें शेवटपर्यंत स्वतःच वाहावें लागतें. म्हणून नास्तिकाचा मार्ग सोपा, असें जें आपण सहज बोलतों तें खरें नाहीं. आणि पवित्र काय उरतें म्हणशील, तर ज्याच्यासाठीं नाथांनीं कावड रिती केली आणि ज्याच्यासाठीं विणकर दारांत उभा राहिला, तो समोरचा जीव उरतो.

अभिषेकानंतर अकरा वर्षांनीं मी त्या दुसऱ्या मुलाकडे गेलों. ज्याला चोर म्हटलें होतें त्याच्याकडे. तो आमच्या गांवांतच मिरचीच्या अडतीवर मुनीम झाला होता. दुसऱ्यांचे पैसे मोजण्याचें काम लोकांनीं विश्वासानें त्याच्याकडे दिलें होतें. त्यानें मला बसावयास दिलें, चहा मागविला. मीं सारें सांगितलें. तो थोडा वेळ गप्प राहिला, मग म्हणाला, "गुरुजी, मीं तें केव्हांच सोडून दिलें. पण आई शेवटपर्यंत म्हणायची, घेतले असशील तर एकदां कबूल कर रे बाबा."

ती माउली त्याच्या आदल्या वर्षीं वारली होती.

मुलानें मला क्षमा केली. आईचें देणें राहिलें आहे, आणि तें आतां कोठेंही भरतां येणार नाहीं. मी अजून बासरला जातों, गोदावरींत बुडी मारतों; श्रद्धा आहे म्हणून जातों. पण पूर्वीं मी मन हलकें करावयास जात असें. आतां तिची आठवण ठेवण्यासाठीं जातों.